न बांधलेले चार खांब

मामा अजूनही घर खणांत मोजतात. आयुष्यभर त्यांनी हुबळीत घरबांधणीची कामं घेतली, नकाशे आधी फुटांत आणि मग मीटरमध्ये वाचले, पण कुणाच्या जुन्या घरात पाऊल टाकलं की नजर वर तुळयांकडे जाते आणि तोंडातून येतं, "पाच खणी आहे, नाही का?" दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. वाड्याची ऐपत त्यावरून कळायची. म्हणून मी जेव्हा म्हटलं, "मामा, विजापूरची जामा मशीद बघायला जाऊया," तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती खणांची?"

"पंचेचाळीस."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिकिटं काढ," म्हणाले.

मी धारवाडला वाढले. विजापूरला शाळेच्या सहलीने एकदा आणि पाहुण्यांना घेऊन दोनदा जाऊन आले होते, आणि तिन्ही वेळा एकच झालं. सकाळी गोलघुमट, वर चढून टाळ्या वाजवणं, प्रतिध्वनी मोजणं, मग इब्राहिम रोजा, मुलूखमैदान तोफ, आणि जेवून परत. मशीद रस्त्यातच लागते. "ती राहू दे, नमाजाची जागा आहे," असं कुणीतरी म्हणायचं आणि गाडी पुढे जायची. धारवाडच्या एका वाचनालयात विजापूरच्या इमारतींवरचं हेन्री कझिन्सचं जाडजूड पुस्तक चाळायला मिळालं, 1916 सालचं, पुरातत्त्व खात्याने काढलेलं. त्यातला मशिदीचा आराखडा पाहिला आणि कळलं की आपण दर वेळी उत्तर बघून येत होतो, गणित मांडलेली पाटी बघायची राहिली होती.

हुबळीहून गाडी निघाली की गदगपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि ज्वारी, ज्वारी, ज्वारी. हा लोहमार्ग जुना, सदर्न मराठा रेल्वेने 1884 मध्ये होटगी ते गदग असा सुरू केलेला. तेव्हा धारवाड आणि विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते, आणि 1956 पर्यंत मुंबई राज्यातच राहिले. आमच्या आजोबांच्या पिढीला विजापूर परकं कधी वाटलंच नाही. गदग ओलांडलं, होळे आलूरजवळ मलप्रभा गेली, बदामीचे तांबूस डोंगर दिसू लागले आणि मग गुळेदगुड्ड रोड स्टेशन आलं. मी मामांना म्हटलं, "हे खणांचं गाव." चोळीचे खण. मराठी घरांत ओटी भरायला जो रेशीमकाठी, त्रिकोणी घडीचा खण लागतो, तो विणणाऱ्या गावांत गुळेदगुड्डचं नाव मोठं. आजीच्या पेटीत असे खण घडीवर घडी ठेवलेले असायचे आणि ती ते मोजताना बोटाने घडीच्या कडा दाबत जायची. मामा म्हणाले, "एका भाषेत एकच शब्द घराला आणि चोळीला. म्हणजे दोन्ही मापातच करायच्या गोष्टी."

बागलकोटनंतर अलमट्टीचं पाणी लागतं. कृष्णा इथे नदी वाटतच नाही, क्षितिजापर्यंत पसरलेलं करडं पाणी दिसतं. ते ओलांडलं की जमीन पुन्हा उघडी, दगडाळ, आणि बऱ्याच वेळाने डाव्या-उजव्या खिडकीतून लोक वाकून बघायला लागतात. गोलघुमट दिसला.

पाट्यांवर आता विजयपुर आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला कर्नाटकातल्या बारा गावांची नावं अधिकृतपणे बदलली, त्यातच हुबळीचं हुब्बळ्ळी आणि बेळगावचं बेळगावी झालं. मी मराठीत लिहिते आहे म्हणून विजापूर म्हणते. आमच्या घरात, बखरीत आणि पोवाड्यांत ते विजापूरच आहे. मराठी माणूस या गावात मोकळ्या मनाने येत नाही, हेही खरं. शहाजीराजे 1636 नंतर इथल्या दरबारचे सरदार झाले, अफझलखान 1659 मध्ये इथूनच निघाला. शाळेच्या पुस्तकातलं विजापूर म्हणजे दरबार, विडा आणि कपट. ते आठवणारच. पण त्याच आदिलशाहीत पहिल्या इब्राहिमच्या काळात महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला सुरुवात झाली आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दफ्तरं आली, आणि दुसऱ्या इब्राहिमने आपल्या गीतांच्या ग्रंथात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. शेजाऱ्याच्या घराला अनेक खोल्या असतात. आम्ही आज एकाच खोलीत जाणार होतो.

रिक्षावाल्याने "गोल गुंबज?" असं विचारलं. "नाही, जुम्मा मसीदी," मामांनी कानडीत सांगितलं. त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

मशीद बाहेरून भपका करत नाही. उंच भिंत, तिच्यावर एकामागून एक कोरडी कमान उमटवलेली, आणि वर एकच घुमट. मनोरे नाहीत. मशिदीचं चित्र काढा म्हटलं की आपण आधी मनोरे काढतो, आणि या एवढ्या मोठ्या मशिदीला ते नाहीतच. पूर्वेच्या बाजूला उभे राहायचे होते ते झाले नाहीत. ती बाजूच आदिलशाहीत पुरी झाली नाही. पहिल्या अली आदिलशाहाने ही मशीद बांधायला घेतली. 1565 ची तालिकोटची लढाई, जिच्यात विजयनगरचा पाडाव झाला, तिच्यानंतरचा हा काळ. हाती लूट होती, शहराला नवा तट झाला होता आणि राजधानीला साजेशी शुक्रवारची मशीद हवी होती. 1578 च्या सुमारास काम लागलं आणि 1580 मध्ये अलीचा खून झाला. गादीवर लहानगा पुतण्या आला, आणि राज्य सांभाळायची वेळ अलीच्या बेगमेवर आली. ती चांदबीबी. अहमदनगरचा किल्ला लढवणारी म्हणून आपण तिला ओळखतो, पण ती विजापूरची सून होती, आणि हे काम अर्धं उभं असताना या गावाचा कारभार तिने पाहिलेला आहे. पुढे शंभर वर्षं आदिलशाही टिकली, हरेक सुलतानाने आपापलं काही बांधलं, पण मशीद मूळ आराखड्याबरहुकूम पुरी करायचं राहून गेलं. पूर्वेचं मोठं प्रवेशद्वार आलं ते औरंगजेबाने, 1686 मध्ये विजापूर घेतल्यानंतर.

चपला काढल्या. मी ओढणी डोक्यावर घेतली, मामांनी खिशातला रुमाल बांधला. आत पाऊल टाकलं आणि मामा थांबले.

पुढ्यात अंगण. जानेवारीतलं सकाळचं ऊन, मधोमध हौद, उजवी-डावीकडे सात-सात कमानींच्या ओवऱ्या, आणि समोर, पश्चिमेला, नऊ कमानींची दर्शनी बाजू. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून नमाजाचं दालन पश्चिमेकडे आणि अंगण पूर्वेकडे. नऊ कमानींपैकी आठ अगदी साध्या, टोकदार, काठावर एकही फूल नाही. फक्त मधल्या कमानीला पाकळ्यापाकळ्यांची कड आहे. एवढ्या विस्तारात एवढाच दागिना. एखाद्या बाईने साधं लुगडं नेसावं आणि गळ्यात फक्त काळी पोत घालावी, तसं. कमानींच्या वर खोल छज्जा आणि त्याला खालून तोलणारे दगडी हस्त आहेत. त्यांची सावली सकाळी भिंतीवर हातभर खाली उतरली होती.

"किती जागा असेल?" मी विचारलं. कझिन्सच्या आराखड्यावरून मी चौरस फुटांचा आकडा लिहून आणला होता, एक लाख सोळा हजारांच्या आसपास. मामांनी मनात भागाकार केला. "एकशे सात गुंठे," ते म्हणाले. "अडीच एकरांच्या वर. आणि बघ, एकही ओळ कुठे वाकडी नाही."

दालनात शिरलं की आधी गारवा लागतो आणि मग शांतता. जाड, चौकोनी, चुन्याचा गिलावा केलेले खांब, त्यांच्यावर कमानी, कमानींपलीकडे कमानी. गुलबर्ग्याची जामा मशीद मी पाहिली आहे, 1367 ची, बहमनी काळातली. तिथे अंगणच नाही, सगळंच छपराखाली आहे, आणि ठेंगण्या रुंद कमानींतून चालताना तळघरात आल्यासारखं होतं. इथे तसं होत नाही. कमानी उंच आहेत आणि श्वास मोकळा होतो. मामा मोजायला लागले, उत्तरेकडून दक्षिणेकडे नऊ खण, पूर्वेकडून पश्चिमेकडे पाच. नऊ पाचा पंचेचाळीस. छतं बघत ते चालत होते. प्रत्येक खणावर आतून उथळ घुमटी आहे, ताटलीसारखी, पण बाहेरून गच्ची सपाट दिसते, म्हणून त्या घुमट्यांची बाहेरच्याला कल्पनाच येत नाही. असे छत्तीस खण. उरलेले नऊ खण मधोमध एकत्र केलेले आहेत. तीन बाय तीन. त्यांच्यावर एक घुमट.

इथे मामा बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मला त्यांच्या मानेची काळजी वाटायला लागली. मग त्यांनी मला हाताला धरून एका जागी उभं केलं.

"इथे खांब पाहिजे होता," ते म्हणाले. "तुझ्या पायाखाली. तिकडे एक, तो चटईच्या कडेला एक, आणि तिकडे एक. तीन बाय तीन खणांना सोळा खांब लागतात. बारा आहेत. मधले चार बांधलेच नाहीत. आणि मग त्या चारांनी उचलायचं वजन कुणी उचललं?"

हाच तो प्रश्न. चौकोनी जागेवर गोल छप्पर बसवायचं तर चारही कोपरे उघडे पडतात. जगभरच्या कारागिरांनी या कोपऱ्यांशी झगडून वेगवेगळ्या युक्त्या काढल्या आहेत. कुणी कोपऱ्यात आडवी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करतो, कुणी इस्तंबूलच्या आयासोफियासारखे चार वक्र त्रिकोण खालून वर नेतो. विजापूरच्या कारागिरांनी केलं ते निराळंच. मी वही काढली आणि आईची रांगोळी आठवून काढायला लागले, कारण मला ते तसंच समजतं. एक चौकोन काढा. प्रत्येक बाजूवर चार ठिपके येतील, दोन कोपऱ्यांचे, दोन मधले. कोपऱ्यांचे विसरून जा. मधले आठ उरतात. आता एका ठिपक्यापासून निघून लगतचा ठिपका सोडा आणि पुढच्याला रेघ जोडा, पुन्हा एक सोडा, पुढच्याला जोडा. चार रेघांत तिरपा चौकोन पुरा होतो. राहिलेल्या चार ठिपक्यांचा तसाच दुसरा चौकोन. दोन चौकोन एकमेकांना छेदतात, आठ टोकांची चांदणी होते, आणि चांदणीच्या पोटात अष्टकोन उरतो. तुळशीवृंदावनापुढे आई हीच चांदणी काढायची आणि पोटातल्या अष्टकोनात हळद-कुंकू भरायची.

कागदावरच्या या रेघा इथे हवेत आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे एक कमान, एका खांबावरून निघून एक खांब सोडून पुढच्यावर उतरणारी, आणि वाटेत दुसरीला छेदून जाणारी. कमानींच्या मधला भाग भरत भरत आत कलत येतो आणि वर त्या आठ बाजूंच्या पोटावर घुमटाचं कडं बसतं. म्हणजे घुमट ज्या चौकोनावर उभा आहे त्याच्यापेक्षा तो पुष्कळ लहान झालेला असतो. कोपरे कुठे गेले ते बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही; डोळा एका कमानीवरून दुसरीवर घसरत घसरत वर पोचतो.

"नुसतं दिसायला नाही हे," मामा म्हणाले. आम्ही खांबाला टेकून बसलो होतो. "टोपली उपडी घालून वरून दाब. काय होईल?"

"कडा फाकतील."

"घुमटाचं तेच. तो सारखा बाहेर रेटत असतो. बाहेरून जाड भिंती घालून तो रेटा अडवतात बाकीचे. इथे बघ, कडं बाहेर रेटतंय आणि हे आत कललेलं ओझं त्याला आत रेटतंय. दोघंही एकमेकांना धरून उभे. तुझे ते चार खांब तिथे गेलेत." त्यांनी बोट वर केलं. "हवेत."

जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने हेच तत्त्व गोलघुमटाच्या संदर्भात समजावून सांगितलं होतं. 1866 मध्ये लंडनला त्याने आणि मेडोज टेलरने विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ काढला. छायाचित्रं घेणाऱ्यांत डॉ. पिगू होता, ज्याने आमच्या धारवाड भागातल्या देवळांचीही छायाचित्रं काढली आणि ती त्याच वर्षी निराळ्या ग्रंथात आली. मामांनी यातलं काही वाचलेलं नाही. आयुष्यभर सेंट्रिंग लावून आणि काढून त्यांना ते कळलेलं होतं.

आणि म्हणून मला वाटतं की गोलघुमट बघायच्या आधी इथे यावं. गोलघुमट पुरा झाला 1656 च्या सुमारास, महंमद आदिलशाहाच्या मृत्यूच्या वेळी. त्याचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे, आणि तो डोलारा याच दोन छेदणाऱ्या चौकोनांवर उभा आहे. पण तिथे प्रमाण इतकं अवाढव्य आहे की माणूस दिपून जातो. टाळी वाजवतो, आवाज घुमतो, तो पुन्हा वाजवतो. रचना बघायला मन थाऱ्यावर राहत नाही. मशिदीत तेच गणित माणसाच्या मापात मांडलेलं आहे. ते मांडणाऱ्याला सत्तर-ऐंशी वर्षांनंतर त्याचं काय होणार हे ठाऊक नव्हतं. इथला हा घुमट मला गोलघुमटापेक्षा सुंदरही वाटतो. अर्धगोल, नेमका, खाली चौकोनी मजल्यावर कमानींची रांग, बुडाशी पाकळ्या, टोकावर चंद्रकोर. गोलघुमट थोर आहे, पण हा देखणा आहे.

दालनाच्या मागच्या भिंतीशी, बरोबर मध्ये, पडदा होता. तिथे बसलेल्या वयस्कर सेवेकऱ्यांना आम्ही सलाम केला. मामा कानडीत बोलले, ते दखनीत, आणि दोघांचं उत्तम जमलं. "हुबळीहून मशीद बघायला आलात? फक्त मशीद?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि मग उठून पडदा बाजूला केला.

इतका वेळ चुन्याची पांढरी शांतता डोळ्यांत भरलेली, आणि एकदम सोनं. मिहराब. नमाजाची दिशा दाखवणारा हा भिंतीतला कोनाडा नखशिखांत सोनेरी आणि रंगीत कामाने मढवलेला आहे. अक्षरांच्या पट्ट्या, वेलबुट्टी, आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे खोटे कोनाडे. भिंतीत कोनाडे आहेत असं रंगवलेलं आहे, त्यांत पुस्तकं ठेवल्यासारखी रंगवलेली आहेत, फुलदाण्या आहेत. मी अगदी जवळ गेले, हात न लावता, नाकाइतक्या अंतरावर. सोनेरी वर्ख काही ठिकाणी झिजून खालचा तांबूस थर दिसतो. लेखात म्हटलं आहे की महंमद आदिलशाहाच्या हुकमावरून मलिक याकूब या मशिदीच्या चाकराने हे काम केलं, हिजरी सन 1045. म्हणजे 1635-36. शहाजीराजे आदिलशाहीत आले, त्याच सुमाराचं. मूळ बांधणाऱ्या अलीला हा थाट मंजूर झाला असता का, कोण जाणे. मला स्वतःला मिहराब पडद्याआड असतो हेच बरं वाटलं. दालनाची साधेपणाची शिस्त मोडत नाही, आणि पडदा सरकला की डोळ्यांना मेजवानी होते.

सेवेकरी म्हणाले, "ये मेहराब." मामा माझ्याकडे वळले. "महिरप," ते म्हणाले, आणि स्वतःशीच पुन्हा एकदा, "महिरप."

तो शब्द आपण किती वापरतो. गणपतीच्या मखराची महिरप, पाटाभोवती रांगोळीची महिरप, देवघराच्या चौकटीवरची महिरप, गणितातला महिरपी कंस. तो इथून आला, मिहराबवरून. आणि मग बसल्या जागी आम्हा दोघांना शब्द सापडतच गेले. घुमट, गुंबदचा. मनोरा. कमान. हौद. दालन. गिलावा. इमारत हा शब्दसुद्धा. मामांच्या धंद्यातली निम्मी भाषा या दालनात उभी होती. आणि तरी दालन मोजायला त्यांना त्यांचा खणच लागला. सेवेकऱ्यांना आम्ही महिरप म्हणजे काय ते सांगितलं. गणपतीच्या मखराचं ऐकून ते मान हलवत हसले आणि त्यांनी पडदा अंमळ जास्तच वेळ धरून ठेवला.

जमीन बघायची राहिली होती. दालनाच्या फरशीवर मुसल्ल्याच्या मापाच्या चौकटी आखलेल्या आहेत, ओळीने, एकीला एक लागून, सव्वादोन हजारांच्या घरात. एकेका चौकटीत एकेका माणसाने उभं राहायचं. त्यामागे गावात सांगतात ती गोष्ट अशी की औरंगजेबाने विजापूर घेतलं तेव्हा इथले मखमली गालिचे नेले आणि त्यांच्या बदल्यात जमिनीवर या चौकटी आखून दिल्या. गालिच्यांचं खरंखोटं कुणी ठरवावं; चौकटी आखल्या त्या त्याच्या काळात. 1686 नंतर विजापूर मोगलांकडे, मग निजामाकडे, आणि उदगीरच्या 1760 च्या लढाईनंतर पेशव्यांकडे आलं. 1818 नंतर काही काळ साताऱ्याच्या छत्रपतींकडेही होतं, आणि 1848 मध्ये साताऱ्याबरोबर इंग्रजांच्या घशात गेलं. ज्या मशिदीचा धनी आधी अली होता, तिच्या गावाचा वसूल पुण्यात आणि साताऱ्यात मोडी कागदांवर चढत होता, ही गोष्ट आम्हाला शाळेत कुणी सांगितली नव्हती. त्या सगळ्या काळात महालांची पडझड झाली, 1885 मध्ये जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून इथे आल्यावर जुन्या महालांत कचेऱ्याही भरल्या. मशिदीत मात्र चौकटींमध्ये माणसं उभी राहत आली.

अंगणात पुन्हा आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हौदाच्या काठाशी बसून मामांना पाण्याचं कुतूहल वाटलं. एवढ्या दगडाळ माळावर लाखो माणसांची राजधानी कशी राहिली? तोरवीकडून जमिनीखालच्या भुयारांतून पाणी गावात आणलेलं होतं, आणि वाटेत पाण्याचा दाब मोडायला उंच चौकोनी बुरूज उभारलेले होते, त्यांना इथे गंज म्हणतात. अजूनही गल्लीबोळांत असे गंज उभे दिसतात. परक्याला ते बुजलेले बुरूज वाटतात. ताज बावडी, चांद बावडी या विहिरीही त्याच व्यवस्थेतल्या. चांद बावडी अलीने 1579 मध्ये चांदबीबीच्या नावाने बांधली, म्हणजे मशिदीचं काम चालू असतानाच.

जवळच्या खानावळीत जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी खाल्ली. मामा फारसं बोलले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, "गोलघुमटाला जायचंय का तुला?"

"तुम्हाला?"

"मला परत तिथेच जायचंय."

दुपारी पुन्हा आलो. ऊन आता पश्चिमेकडे झुकत होतं, दर्शनी कमानी सावलीत गेल्या होत्या आणि सकाळी उजळ दिसणारं दालन अंगणातून बघताना निळसर काळं दिसत होतं. छज्ज्याची सकाळची सावली कुठेच नव्हती. मामांनी गिलाव्याची एक उखडलेली जागा शोधून काढली, ओवरीच्या खांबावर, चवलीएवढी. आतला दगड आणि चुना दिसत होता. त्यांनी नख लावलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. "चुना अजून घट्ट आहे," म्हणाले. "घाणीत बैलांनी मळलेला चुना. आम्ही लहानपणी पाहिलाय, नंतर सिमेंट आलं आणि घाण्या बंद पडल्या." चुना मळायची घाणी म्हणजे गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. अशी एक घाणी त्यांच्या वडिलांच्या वेळी होती. ते मला हे सांगत असताना अजान झाली.

आम्ही बाजूच्या ओवरीत सरकलो. माणसं येऊ लागली. हातपाय धुऊन, बाह्या खाली करत. दुकानातून उठून आलेले, शाळेतून आलेले, एक जण रिक्षाची किल्ली खिशात टाकत. शुक्रवार नव्हता, त्यामुळे गर्दी नव्हती. पुढच्या दोन ओळी भरल्या आणि तिसरी अर्धी. सव्वादोन हजार चौकटींपैकी बहुतेक मोकळ्याच. पण जे उभे राहिले ते चौकटींतच, मापात, खांद्याला खांदा लावून. एवढं मोठं दालन, आणि इमामाचा आवाज न वाढवता मागे आमच्यापर्यंत येत होता.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उशिरा धावत आला. दप्तर त्याने खांबाशी टेकवलं, टोपी सारखी केली आणि ओळीत जागा न बघता मागे, घुमटाखाली, एकटाच उभा राहिला.

मामांनी माझं मनगट धरलं. "बघ कुठे उभा राहिलाय," ते अगदी हळू म्हणाले.

सकाळी त्यांनी मला जिथे उभं केलं होतं, तिथेच. मग सगळे वाकले, आणि तोही वाकला.